परकं पारडू

घोन्साल्विसांच्या घरात जेवणाआधी भांडायची पद्धत नव्हती. एथेलच्या सासूने घालून दिलेला नियम होता तो. भांडण कुठे पळून जात नाही, भात मात्र गार होतो, असं ती म्हणायची. त्यामुळे चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून आल्यावर बॅप्टिस्टने नुसता घसा खाकरला आणि तिच्या मुलाने, फ्लॉयडने, काकाकडे न बघता ताट पुढे ओढलं, तेव्हाच एथेलने ताडलं की ताटातले फुगे संपेपर्यंतच काय ती शांतता आहे. म्हणून तिने ते मैद्याचे फुगे नेहमीपेक्षा अंमळ जास्तच तळले होते. वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवलेल्या बाटली मसाल्यातलं मटणही भरपूर होतं. खाणारे खात होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

विषय सगळ्यांना ठाऊक होता. गोठ्यातल्या दोन म्हशी गाभडल्या होत्या. आधी बॅप्टिस्टची काळी, मग दोन-तीन आठवड्यांनी एथेलची चांदणी. दोघींचे महिने भरत आलेले, दोघींची पारडं मेलेली. एथेलचा नवरा डॉमनिक गेल्यापासून गोठ्याचे दोन वाटे झाले होते, अर्ध्या म्हशी विधवा एथेलच्या, अर्ध्या तिच्या धाकट्या दिराच्या, बॅप्टिस्टच्या. पण छप्पर एक, पाण्याची टाकी एक आणि रेडाही एकच. म्हशींना काही वाटणीपत्र वाचून दाखवलेलं नव्हतं.

गोराईत म्हैस गाभडली की कुणी तोंडातून शब्द काढत नाही. दलाल नंदकिशोरला निरोप जातो, उत्तनच्या रस्त्याने त्याचा टेम्पो येतो, आणि ती म्हैस लांब कुठल्या तरी गोठ्यात दुसऱ्याच नावाने उभी राहते. आपल्या दारातली ब्याद दुसऱ्याच्या दारात. ह्यात कुणाला पाप वाटत नसे, कारण सगळेच तसं करत आले होते. बॅप्टिस्टनेही नंदकिशोरला सोमवारचा शब्द देऊन टाकला होता.

पण ह्या वेळी सुनेने मोडता घातला. बेव्हर्ली लग्न होऊन मालाडहून आली होती आणि बोरिवलीत एका दाताच्या दवाखान्यात काम करत होती. सात वर्षं वाट बघून तिला आता पाचवा महिना लागला होता. तिने कुणालाही न विचारता गुरांच्या सरकारी दवाखान्यात फोन केला आणि शनिवारी डॉक्टर दर्शना फेरीबोटीतून उतरून थेट गोठ्यात आल्या. घरातली गोष्ट सुनेने वेशीला टांगली, असं बॅप्टिस्ट तेव्हापासून म्हणत होता. बेव्हर्लीला नाही, भिंतीला उद्देशून.

डॉक्टर दर्शना मूळच्या अकोल्याकडच्या, बोलायला सावकाश. त्यांनी म्हशींना हात लावायच्या आधी गोठ्यातल्या दगडी कट्ट्यावर बसून घेतलं आणि एथेलला विचारलं की म्हैस गाभडल्यावर तुम्ही पुढे काय करता.

हा प्रश्न एथेलला आवडला. ह्यात तिचा हात धरणारं अख्ख्या गावठाणात कुणी नव्हतं. म्हैस गाभडली की कासेत दूध उतरतं, पण समोर पारडू नसतं. मग ती पान्हा सोडत नाही, कास दगडासारखी होते, आणि रात्रंदिवस तिचं ओरडणं ऐकवत नाही. अशा वेळी एथेल मेलेलं पारडू गोणपाटाने पुसून घ्यायची. मग तोच ओला गोणपाट दुसऱ्या म्हशीच्या जिवंत पारडाच्या पाठीवर, मानेवर चोळायची आणि ते परकं पारडू त्या आईसमोर उभं करायची. आई हुंगायची, चाटू लागायची आणि पान्हा सोडायची. धार काढून झाली की पारडू आपल्या खऱ्या आईकडे परत. शेजारच्या गोठ्यांतूनही तिला बोलावणं यायचं. एथेलला बोलवा, ती आईची समजूत काढते, असं लोक म्हणायचे. ही रीत तिने सासूकडून घेतली होती आणि तिला तिचा अभिमान होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. काळीच्या वेळी कुणाचं पारडू आणलं होतं, हे विचारलं. चांदणीच्या शेजारच्या मोगरीचं, मागल्या वेताचं, असं एथेल म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिची नजर चांदणीकडे गेली.

"आंटी, म्हशी गाभडवणारा हा आजार त्या ओल्यातच असतो," डॉक्टर म्हणाल्या. "मेलेल्या पारडाच्या अंगावर, मागून पडणाऱ्या वारेत, त्या गोणपाटात. तुमची काही चूक नाही. माहीत नसलं की माया करणाऱ्याच्या हातूनच तो सगळ्यांत जास्त फिरतो."

मग त्यांनी दुधाचं विचारलं. एथेलने खाली मान घालून सांगितलं की विकायचं दूध गिऱ्हाईक घरी नेऊन उकळतात, पण सुनेला मात्र ती रोज सकाळी ताजं, धारोष्ण पेलाभर देते, बाळासाठी. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग बदललेला एथेलने पाहिला. हा आजार माणसालाही होतो, त्या म्हणाल्या. आजपासून दूध उकळल्याशिवाय कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका आणि सासू-सुना दोघीही रक्त तपासून घ्या. एथेलला गेले काही आठवडे संध्याकाळी बारीक ताप येत होता, सांधे धरत होते. तिने ते वयाच्या माथी मारलं होतं.

ह्यावर इलाज होता. गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचं रक्त फुकट तपासून मिळणार होतं. लहान पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान एकदा लस टोचली की पुढची पिढी वाचत होती. हातमोजे, औषधं, आजारी म्हशींसाठी वेगळं छप्पर बांधायला मदत, सगळं सरकारी योजनेत होतं. अट एवढीच की एका छपराखालचं प्रत्येक जनावर तपासायचं आणि निकाल येईपर्यंत एकही म्हैस बाहेर जाऊ द्यायची नाही. अर्धा गोठा तपासून काही उपयोग नाही, डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे बॅप्टिस्टचा होकार हवा होता. आणि बॅप्टिस्ट शनिवारी मुद्दाम खाडीवर जाऊन बसला होता.

शेवटचा फुगा बॅप्टिस्टच्या ताटात संपला आणि फ्लॉयडने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मम्मी, मी बेव्हर्लीला मालाडला नेतोय. तिच्या मम्मीकडे, डिलिव्हरीपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर बघू ना."

ह्या गावातून खाडी ओलांडताना 'नंतर बघू' म्हणालेली माणसं एथेलने पुष्कळ पाहिली होती. ती आगेऱ्याला, नव्या भाताच्या सणाला येतात, नाताळाला येतात, विहिरीजवळ मुलांचे फोटो काढतात आणि शेवटच्या बोटीने परत जातात. तिची स्वतःची बहीण तशीच गेली होती. आता हा जाईल, आणि एवढ्या मोठ्या घरात ती, बॅप्टिस्ट आणि म्हशी उरतील.

"स्पष्ट बोल," ती म्हणाली.

फ्लॉयड आधीच गोठ्याला कंटाळलेला होता. विहिरीपलीकडची मोकळी जागा रिसॉर्टवाल्यांच्या गाड्या लावायला द्यायची, हे त्याने कधीचं मनात धरलं होतं. पण आज तो जागेबद्दल बोलला नाही. "अंकलनी टेस्ट करू दिली, गोठा साफ झाला, तर आम्ही परत येऊ. नाही तर मी बाळाला ह्या घरात आणणार नाही. सरळ सांगतोय मी."

बॅप्टिस्टने हात धुतले आणि तो पुन्हा येऊन बसला. त्याने सावकाश सांगितलं की त्याचा बाप डोक्यावर दुधाची कासंडी घेऊन होडीने पलीकडे जायचा. बोरिवलीत काही घरांत तिसरी पिढी घोन्साल्विसांचं दूध पितेय. उद्या सरकारी गाडी दारात उभी राहिली, म्हशींच्या कानात बिल्ले लागले, की गाव म्हणेल ह्यांच्या दुधात रोग आहे. नाव कमवायला तीन पिढ्या लागतात आणि घालवायला एक सकाळ पुरते. दोन म्हशी उद्या जातील, गोठा धुऊन काढू, विषय संपला.

"अंकल, फोन मी केला," बेव्हर्ली म्हणाली. ती सासरी आल्यापासून त्याच्यासमोर इतकं सरळ कधी बोलली नव्हती. "रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण काळी जिथं जाईल त्या घरातही कुणीतरी माझ्यासारखी असेल ना. तिला कोण सांगणार?"

बॅप्टिस्ट उठला. जेवणानंतरच्या गोड फ्लॅनचं भांडं अजून झाकलेलंच होतं. फ्लॅन न खाता तो टेबलावरून उठल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं, अगदी वाटणीच्या दिवशीही नाही.

भांडी तशीच ठेवून एथेल गोठ्यात गेली. बॅप्टिस्ट काळीला धूत होता. सकाळीच धुतलेल्या म्हशीला पुन्हा धूत होता, म्हणजे त्याला कुणाशी बोलायचं नव्हतं. एथेल बाजूच्या गव्हाणीला टेकून उभी राहिली. तिला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती. हा माणूस लग्न न करता ह्या म्हशींत म्हातारा झाला होता.

"काळी आजारी निघाली तर?" पाठ न वळवता त्याने विचारलं.

"तर वेगळी बांधू. दोन वेळा वैरण टाकू. आहे ती आपली."

"आणि लोक?"

हे उत्तर एथेल रात्रभर मनात घोळवत होती. ते तोंडातून काढणं तिला वाटलं त्याहून जड गेलं. "लोकांना सांग, एथेलनं आजार आणला. ते खरंच आहे, बॅप्टिस्ट. काळीचा गोणपाट मी मोगरीच्या पारडाला चोळला. माझ्याच हातानं तो इकडून तिकडे गेला. गोठ्याचं नाव राहू दे, माझं जाऊ दे. मला माझा मुलगा घरात हवाय."

बॅप्टिस्टच्या हातातला ब्रश थांबला.

"तुझ्या हातानं किती म्हशी वाचल्या, वहिनी, ते कोण सांगणार?"

"ते तू सांग. तुला हौस असेल तर."

तो हसला नाही, पण त्याचे खांदे जरा सैल झाले. नंदकिशोरला शब्द दिलाय, तो म्हणाला. नंदकिशोरशी मी बोलते, असं एथेल म्हणाली. त्यावर तो म्हणाला की तू बोलशील, पण तो जाताना तुझ्याच गळ्यात आणखी दोन म्हशी मारून जाईल. मग त्याने बादली उचलली आणि तो निघून गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. घोन्साल्विसांचे पुरुष असेच. त्यांच्या गप्प बसण्यातून अर्थ काढण्यात त्यांच्या बायकांचं आयुष्य जातं, आणि ह्याला तर बायकोही नव्हती.

सोमवारी टेम्पो आला तेव्हा गल्लीत माणसं होतीच. कुणी पाव घेऊन चाललेलं, कुणी क्रुसाजवळ गप्पा मारत. नंदकिशोर उतरला आणि सवयीने दबक्या आवाजात म्हणाला की दावं सोडा, पटकन निघतो. एथेल खिडकीत उभी होती. तिच्या मागे फ्लॉयड येऊन उभा राहिला.

बॅप्टिस्ट फाटकात आडवा उभा होता. त्याचा आवाज मुळातच होडीवरचा, एका काठावरून दुसऱ्या काठाला पोचणारा. तो त्याने जराही खाली आणला नाही.

"म्हैस मिळणार नाही. आमच्या गोठ्यात आजार आहे. नेलीस तर आजार घेऊन जाशील. उद्या सरकारी डॉक्टर येतायत, सगळ्या म्हशी तपासणार आहेत."

पाव घेऊन चाललेली बाई जागच्या जागी थांबली. नंदकिशोरने इकडे तिकडे पाहिलं, जणू त्याच्या धंद्यात कुणी भलताच शब्द उच्चारला होता. हळू बोला, तो म्हणाला. मी हळूच बोलत आलो आजवर, बॅप्टिस्ट म्हणाला, आणि त्याने फाटक लावून घेतलं. वहिनीचं नाव त्याने काढलं नाही. एथेलने डोळ्याला पदर लावला. आपल्या मुलाच्या देखत रडायला तिला मुळीच लाज वाटली नाही.

गावाने तोंड फिरवलं का? दोन दिवस फिरवलं. बोरिवलीतल्या काही घरांनी दूध बंद केलं. पण मंगळवारी डॉक्टर दर्शना रक्ताच्या नळ्या घेऊन आल्या, बॅप्टिस्ट स्वतः एकेक म्हैस धरून उभा राहिला, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत शेजारच्या गोठ्यातला माणूस कुंपणापाशी येऊन घुटमळू लागला. आमचीही एक मागच्या वर्षी गाभडली होती, तो म्हणाला. त्याच्यामागून दुसरा आला. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच दारात घडतं. डॉक्टरांना त्या आठवड्यात शेवटची बोट दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा त्या एथेलकडेच जेवल्या.

निकाल आला. काळी, चांदणी आणि एथेलची मोगरी, ह्या तिघींत आजार निघाला. बाकी सगळ्या साफ. बेव्हर्लीचं रक्तही साफ निघालं, आणि ते कळल्यावर एथेल क्रुसासमोर मेणबत्ती लावायला गेली ती बराच वेळ परत आलीच नाही. तिच्या स्वतःच्या रक्तात मात्र आजार होता. काही आठवडे रोज गोळ्या घ्यायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत, एवढंच. बरी होणार, डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं. एथेलला त्याचं फार काही वाटलं नाही. जे म्हशींनी भोगलं ते थोडं आपल्याही वाट्याला यावं, हे तिला न्यायाचंच वाटत होतं.

तिघींना वेगळं बांधायचं तर जागा हवी होती. फ्लॉयड विहिरीपलीकडे गेला, गाड्यांसाठी टाकून घेतलेली खडी त्याने फावड्याने बाजूला ओढली आणि काकाला हाक मारली की बांबू कुठे रोवायचे ते दाखवा. दोघंही एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, पण छप्पर उभं राहिलं. ह्या तिघींचं दूध आता विकलं जाणार नव्हतं.

तरीही बेव्हर्लीला मालाडला जायला एथेलनेच सांगितलं. मोगरी विणार होती आणि विताना आजार सगळ्यांत जास्त पसरतो. अशा वेळी पोटुशी बाई आसपास नको, हे तिला आता कळत होतं. बेव्हर्लीनेच एकदा विचारलं, मम्मी, तुम्हाला वाईट नाही वाटणार? वाटेल, एथेल म्हणाली, पण तू जा. तिने सुनेची आणि तिच्यासोबत निघालेल्या फ्लॉयडचीही बॅग स्वतः भरली. बोटीपर्यंत सोडायला गेली नाही, कारण तिथे गेली असती तर जाऊ नको म्हणाली असती.

मोगरी पहाटे व्यायला लागली. एथेलने कोपरापर्यंत हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं. उभ्या आयुष्यात तिने उघड्या हाताने पारडं ओढली होती. मोज्यातून तिला काही समजेना, हात आंधळा झाल्यासारखा वाटला. पण पाय लागले, मग तोंड लागलं, आणि बॅप्टिस्टच्या मदतीने तिने ओढलं तेव्हा पारडू जिवंत होतं. पारडी होती. शिंकली, मान हलवली.

आता सगळ्यांत अवघड काम होतं. आईने चाटायच्या आत पारडी उचलून न्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जन्मभर एथेलने दुसऱ्याची पारडं आणून आयांची समजूत काढली होती, आणि आज ती एका आईचं स्वतःचं पारडू तिच्यापुढून काढून घेत होती. तिने बॅप्टिस्टला सांगितलं की तू ने, माझ्याने होणार नाही. तो घेऊन गेला. मोगरी ओरडली. एथेल मोज्याचा हात तिच्या कपाळावर ठेवून उभी राहिली आणि जमेल तसं बोलत राहिली. तिची पारडी जगणार आहे, ही नुसती समजूत नाही, खरंच जगणार आहे, हे तिने तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

जुन्या गोठ्यातली एक साफ म्हैस नुकतीच व्यायली होती. तिचा चीक बाटलीत भरला. पण पारडीला पाजायचा कुणी? एथेल आणि बॅप्टिस्ट आजारी म्हशींत वावरत होते, त्यांनी ह्यापुढे पारडांकडे जायचं नव्हतं. कामाला बाई ठेवावी का, ह्यावर दोघं बोलत असतानाच सकाळच्या बोटीने फ्लॉयड आला. ऑफिसला दांडी मारून आला होता. बॅप्टिस्टने त्याला रात्रीच फोन करून मोगरीची वेळ भरल्याचं सांगितलं होतं, हे एथेलला तेव्हाच समजलं. आपल्या दिराने पुतण्याला फोन केला, ह्याचंच तिला नवल वाटलं.

फ्लॉयडने लहानपणी बाटलीने पारडं पाजली होती, पण ते तो विसरला असेल असं तिला वाटायचं. तो गुडघ्यांवर बसला, पारडीची मान काखेत घेतली आणि बाटली जशी तिरकी धरायची तशीच धरली. पारडी पिऊ लागली. चांगल्या पँटची वाट लागली, त्याकडे त्याने पाहिलंही नाही. एथेल कुंपणाच्या बाहेरून बघत होती. तिला आत जाता येत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं.

त्याने फोन लावून कानाशी धरला, मग स्पीकरवर केला आणि कुंपणाजवळ आणला.

"मम्मी, तिला लस कधी?" पलीकडून बेव्हर्ली विचारत होती.

"चार महिने झाले की. आठच्या आत कधीही चालते, डॉक्टर म्हणाल्या."

मालाडच्या घरात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बेव्हर्ली मनाशी काहीतरी मोजत असावी.

"मग चौथ्यात नको. सातव्यात ठेवा," ती म्हणाली. "तोपर्यंत बाळाला घेऊन आम्ही घरी आलेले असू."